अब्बांचा रंधा, मुलाचा पलंग



मी मराठीत कविता लिहितो. गेल्या तीस वर्षांत जिथे जिथे कविता वाचायला गेलो, तिथे कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी हमखास जवळ येतो आणि विचारतो, "तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसे काय लिहिता?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. मीही ठरलेले उत्तर देतो. शाळेतले मराठीचे सर, गावातले वाचनालय, एकादशीचे कीर्तन. यातले खोटे काही नाही. पण खरे पहिले उत्तर वेगळेच आहे, आणि ते मी कित्येक वर्षे कुणाला दिले नाही. २०२३ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेत, पिट्सबर्ग शहराबाहेरच्या एका वस्तीत, मुलाच्या गॅरेजमध्ये ते उत्तर माझ्यापुढे येऊन उभे राहिले. तिथे आम्ही एक पलंग करत होतो. आज त्या पलंगाची गोष्ट सांगतो.

माझे वडील सुतार होते. बार्शीत घराच्या पुढच्या पडवीतच त्यांचे काम चाले. दारे, खिडक्या, पाळणे, बाजा, पलंग, मोहरमच्या ताबुताचा सांगाडा, भजनी मंडळाच्या पेटीखालचा चौरंग, जे येईल ते. घरात आम्ही दखनी बोलायचो. पण अब्बांच्या हातात करवत आली की त्यांची भाषा मराठी होई. रंधा, पटाशी, वाकस, सामता, गुण्या, कानस, कुसू, खाच, गाते, खूर. त्यांचे उस्ताद गावातले एक मराठी सुतार. विद्या त्यांच्याकडून आली, तेव्हा शब्दही त्यांचेच आले. मी पडवीत बसून भुसा गोळा करायचो आणि हे शब्द ऐकायचो. शाळेत जाण्याआधी मला मराठी आली ती अशी, लाकडाच्या वासासकट.

पण अब्बांनी मला हत्यार कधी हाती धरू दिले नाही. म्हणायचे, "तू पेन धर." मी पेन धरले, बीए झालो, कचेरीत नोकरीला लागलो, कविता लिहू लागलो. अब्बा २००४ साली गेले. त्यानंतर आम्ही बार्शीचे घर सोडून सोलापूरला फ्लॅटमध्ये राहायला आलो. पुढचे मग सांगतो.

मुलगा इंजिनिअर झाला. नोकरीसाठी अमेरिकेत गेला, तिथेच लग्न करून स्थिरावला. आम्ही दोघे पहिल्यांदाच त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी गेलो. पाहुण्यांच्या खोलीत हवा भरायची गादी जमिनीवर घातलेली होती. माझ्या बायकोचे गुडघे दुखरे. पहिल्याच सकाळी तिला उठवायला आम्ही दोघे लागलो. मुलाने दुकानात नेऊन तयार पलंग दाखवले. तिथली गादीच १० इंच जाडीची, त्याखाली उंच पेटीसारखा पलंग. बायको वर बसली की पाय लोंबकळायचे. ती म्हणाली, "अरे, हा पलंग आहे की माळा?"

मुलगा हसला नाही. त्याने टेप आणली, तिला खुर्चीवर बसवले आणि गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत माप घेतले. ते १६ इंच भरले. बसल्यावर गादी दोनेक इंच दबते, म्हणजे गादीचा माथा १८ इंचांवर हवा. गादीचे १० इंच वजा करून खालच्या पट्ट्या ८ इंचांवर. शिवाय पलंगाच्या बाजूखाली ४ इंच मोकळे हवेत, कारण माणूस उठताना टाचा मागे घेतो. पेटीच्या पलंगात टाच अडते, म्हणून दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला उठता येत नाही. हे सगळे त्याने कागदावर मांडले आणि म्हणाला, "अम्मी, तुझ्या मापाचा पलंग मीच करतो."

मला वाटले, उत्साहाच्या भरात बोलतो आहे. मग त्याने गॅरेजचे दार वर केले. मोटार बाहेर अंगणात होती आणि आत कारखाना. मोठी मेजकरवत, भोके पाडायचे यंत्र, भिंतीवर ओळीने टांगलेले शिकंजे. पाच वर्षांपासून तो शनिवार-रविवारी हेच करत होता. फोनवर आम्ही त्याला जेवलास का, थंडी किती आहे, एवढेच विचारत आलो होतो.

लाकूड आणायला आम्ही उत्तरेकडे दोन-तीन तासांच्या वाटेवर गेलो. पेनसिल्व्हेनियाच्या त्या भागाला ॲलेघेनीचे पठार म्हणतात. तिथली ब्लॅक चेरी लाकूडकामात नावाजलेली आहे. केन नावाचे एक छोटे गाव तर स्वतःला ब्लॅक चेरीची जागतिक राजधानी म्हणवून घेते. ही चेरी म्हणजे आपण केकवर पाहतो त्या फळाची नव्हे. हे उंच, सरळ वाढणारे जंगली झाड. फळे वाटाण्याएवढी, काळपट. पाखरे ती खातात आणि बी दूरदूर नेऊन टाकतात.

त्या जंगलाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या तीसेक वर्षांत तिथले जुने जंगल जवळजवळ सरसकट तोडले गेले. डोंगर उघडे पडले. चेरीच्या रोपाला सावली सोसत नाही, मोकळे ऊन लागते. ते आयतेच मिळाले आणि चेरी फोफावली. १९२३ साली सरकारने तिथे राष्ट्रीय वन केले. त्यामुळे आज तिथली पुष्कळ मोठी झाडे एकाच पिढीची, शंभर वर्षांच्या आगेमागे असलेली आहेत.

तिकडे असे लाकूड बोर्ड फुटावर विकतात. १२ इंच लांब, १२ इंच रुंद, १ इंच जाड, हा एक बोर्ड फूट. असे १२ झाले की आपला एक घनफूट. आम्ही ६० बोर्ड फूट घेतले, म्हणजे पाच घनफूट. भट्टीत वाळवलेले लाकूड, त्यात ओलावा शेकडा ६ ते ८ एवढाच. तरी मुलाने घरी आणल्यावर फळ्यांमध्ये बारीक पट्ट्या घालून थप्पी लावली आणि दोन आठवडे हात लावला नाही. जिथे काम व्हायचे तिथल्या हवेची लाकडाला सवय व्हावी लागते. अब्बा सागाच्या फळ्या एक पावसाळाभर पडवीच्या भिंतीला उभ्या करून ठेवत. गिऱ्हाईक घाई करू लागले की म्हणत, "पाऊस बघितल्याशिवाय लाकूड कामाला घेत नाही." मी हे मुलाला सांगितले. तो म्हणाला, "पप्पा, दादांचे हे तुम्ही मला आधी कधी सांगितले नाही."

कामाला सुरुवात झाली. मुलाने यंत्र लावण्याआधी हळूच बिस्मिल्ला म्हटले. अब्बाही म्हणत. हे त्याला कुणी शिकवले, मी विचारले नाही.

चेरीचे ताजे कापलेले लाकूड फिकट असते, गुलाबीकडे झुकणारे, जणू साय घातलेला चहा. मधूनमधून डिंकाचे बारीक काळे ठिपके. कापताना गोडसर वास येतो. पण लाकूड नाजूक मनाचे आहे. फिरत्या यंत्राचे पाते एका जागी क्षणभर थबकले तरी तिथे जळल्याचा काळा डाग पडतो.

आमची कामाची वाटणी विचित्र होती. त्याच्या हाताला काम येत होते, पण कशाला काय म्हणतात ते त्याला फक्त इंग्रजीत ठाऊक. मला प्रत्येक गोष्टीचे नाव येत होते, पण हाताला काही येत नव्हते. तो एखादी वस्तू उचलून विचारायचा, "पप्पा, दादा याला काय म्हणायचे?" मी म्हणायचो, गुण्या. पटाशी. काटकोन, छिन्नी असले पुस्तकी शब्द नव्हे, पडवीतले. पलंगाच्या लांब बाजूच्या लाकडाला काय म्हणायचे, ते मला दोन दिवस आठवेना. तिसऱ्या दिवशी अंघोळ करताना आठवले आणि मी न्हाणीघरातूनच ओरडलो, "गाते!" बायको दाराशी धावत आली, तिला वाटले मी घसरून पडलो. मुलगा म्हणाला, "कोण गाते?" कविता लिहायला लागून तीस वर्षे झाली, पण हा श्लेष मला कधी सुचला नव्हता.

मी ते शब्द एका वहीत लिहून ठेवू लागलो. नव्वदच्या वर भरले.

मग एके दिवशी घोटाळा झाला. उशाकडचे दोन खूर हे उजवे-डावे असतात, चपलांच्या जोडासारखे. एकाची खाच जिथे, त्याच्या आरशातल्या जागी दुसऱ्याची. मुलाने दोन्ही खुरांना एकाच बाजूला खाचा पाडल्या. दोन्ही डावे झाले. जाड लाकूड आता शिल्लक नव्हते. तो स्टुलावर मान खाली घालून बसला. एवढा संगणकावर आराखडा काढलेला, आणि चूक अशी पोरकट.

आणि मला अब्बा दिसले. मी सात-आठ वर्षांचा असेन. ते चारही खूर एकत्र उभे करायचे, जसे पलंगाला लागणार तसे, तोंडे आतल्या बाजूला. मग आतल्या अंगांवर खडूने खूण. मगच चौघांना एकदम आडवे पाडून एका रेघेत खाचांची मापे आखायची. म्हणायचे, "चार भाऊ आहेत. आधी एकमेकांकडे बघू देत." मी हे मुलाला करून दाखवले. माझ्या हाताला जमले ते एवढेच, चार लाकडे उभी करणे.

चुकलेली खाच कशी बुजवायची, तेही मला पाहून ठाऊक होते. त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून ठिगळ काढायचे, रेषा त्याच दिशेने ठेवायची, चोपून बसवायचे, मग रंध्याने पातळीत आणायचे. मुलाने तसे केले. नवी खाच योग्य बाजूला घेतली. कुसू जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याचे. हा अब्बांचा नियम, आणि मुलाच्या इंग्रजी पुस्तकातही तोच.

ठिगळ पातळीत आणायला त्याने भिंतीवरून एक जुना लोखंडी रंधा काढला. स्टॅन्लीचा, ५ नंबरचा. म्हणाला, "पप्पा, तुम्ही मारा." मी मारला. पहिल्याच फटक्याला लाकूड उचकटले. मी उलट्या रेषेने मारला होता. तळहाताने आधी लाकूड चाचपायचे, मांजराच्या पाठीसारखे, कुठल्या अंगाने मऊ लागते ते बघायचे, हे मी शंभरदा ऐकले होते. हाताला मात्र माहीत नव्हते. मी दिशा बदलली. या वेळी पातळ, लांब सालपट सुटले आणि रंध्याच्या तोंडातून कुरळे होऊन वर आले.

रंधा परत ठेवताना मला त्याच्या अंगावर ठोकलेली दोन इंग्रजी अक्षरे दिसली. मी विचारले, "ही कुणाची?" मुलगा म्हणाला, "आधीच्या मालकाची. इकडे जुने कारागीर हत्यारावर आपली अक्षरे ठोकायचे. मी जुन्या बाजारात घेतला." मग लाकडावरची नजर न काढता म्हणाला, "त्याच्याही मुलाने विकला असेल."

श्रोतेहो, मघाशी मी पुढचे मग सांगतो म्हणालो, ते हे. बार्शीचे घर सोडताना अब्बांची हत्यारांची पेटी मी भंगारवाल्याला दिली. लोखंड किलोवर गेले. लाकडी मुठी त्याने ठोकून वेगळ्या केल्या, कारण त्यांचे वजन तो धरणार नव्हता. साडेचारशे रुपये आले. फ्लॅटमध्ये जागा नव्हती, हे खरे. पण मला ती पेटी नको होती, हेही खरे. साहित्याच्या वर्तुळात मी 'अमुक कचेरीतला कवी' होतो, 'सुताराचा पोर' नव्हतो. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो दारात उभा राहून तराजूकडे बघत होता.

आणि त्यानंतर दोन वर्षांनी मी अब्बांच्या रंध्यावर कविता लिहिली. तीच माझी सर्वांत गाजलेली कविता. कविसंमेलनांत लोक तिची फर्माईश करतात. ती वाचताना माझा आवाज भरून येतो, लोकांचे डोळे पाणावतात. तो रंधा मी किलोवर विकला, हे मी एकाही व्यासपीठावर सांगितले नाही.

त्या दिवशी गॅरेजमध्ये मी मुलाला एवढेच म्हणालो, "तुला आठवते?" तो म्हणाला, "वजनकाटा आठवतो." थोड्या वेळाने म्हणाला, "तुमच्यावर राग नाही, पप्पा. पण ती कविता मी कधी पुरी ऐकू शकलो नाही." एवढे बोलून त्याने मला दुसऱ्या टोकाला गाते धरायला सांगितले. ते ८२ इंचांचे लाकूड एकट्याने उचलण्यासारखे नव्हते. आम्ही दोघांनी ते खुराला टेकवले, त्याने बोल्ट आवळले. लांब गाती सरसाने न चिकटवता बोल्टने बसवतात, म्हणजे घर बदलताना पलंग सुटा करता येतो. मधोमध आधाराचे एक लाकूड, त्याला जमिनीपर्यंत एक पाय, आणि आडव्या पट्ट्या.

शेवटी तेल. चेरीला रंग चढवत नाहीत, डाग-डाग दिसतात. मुलाने डबा उघडला आणि माझ्या बायकोने गॅरेजच्या दारातूनच वास ओळखला. "हे तर जवस!" जवसाचेच तेल होते. सोलापूरकडे ज्याची आपण चटणी खातो तेच. फडक्याने चोळायचे, थोड्या वेळाने पुसून काढायचे, एक दिवस वाळू द्यायचे, असे तीनदा. मात्र एक सावधगिरी सांगतो. या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. तेल सुकताना उष्णता निघते, आणि बोळा केला तर ती आत कोंडून फडके आपोआप पेट घेऊ शकते. आम्ही ती बाहेर कुंपणावर एकेक मोकळी पसरून वाळवली.

जुलैच्या शेवटी पलंग खोलीत लागला. बायको बिस्मिल्ला म्हणून बसली. पाय जमिनीला पुरे टेकले. टाचा मागे घेतल्या, गात्यावर तळहात ठेवला आणि कुणाचाही हात न धरता उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. लहान मुलीसारखी चार-पाच वेळा. मुलगा बाजूला उभा राहून तिच्या चेहऱ्याकडे नाही, गुडघ्यांकडे बघत होता. अब्बाही असेच बघत. पाळणा नेऊन दिला की बाळाकडे नव्हे, दोरीच्या कड्यांकडे.

चेरीची गंमत यापुढे आहे. हे लाकूड उजेडाने रंग बदलते. फिकट गुलाबीचे तांबूस होते, मग गडद. पहिल्या काही महिन्यांत हा बदल झपाट्याने होतो. म्हणून नव्या पलंगावर सुरुवातीला काही ठेवून द्यायचे नसते, नाहीतर झाकलेला भाग मागे राहतो. मुलाने हे मला सांगितले होते. मी विसरलो. शब्दांची ती वही मी उशाकडच्या रुंद फळीवर ठेवली आणि ती खिडकीच्या उन्हात कित्येक आठवडे तिथेच राहिली. निघायच्या आदल्या दिवशी उचलली, तर खाली वहीच्या मापाचा फिकट चौकोन. सगळा पलंग तांबूस, तेवढी जागा कोवळी. मी ओशाळलो. म्हणालो, "काचकागद मारून काढ." तो म्हणाला, "राहू द्या. उजेड लागला की येईल रंगात." वही त्याने ठेवून घेतली. आता ती त्याच्या गॅरेजमध्ये, त्या जुन्या रंध्याच्या शेजारी खिळ्याला टांगलेली आहे.

पुढच्या वर्षी त्याने फोटो पाठवला. चौकोन कुठे होता ते मलाच शोधावे लागले. ठिगळ तर सापडलेच नाही.

भारतात परत आल्यावर एका कविसंमेलनात मला त्याच कवितेची फर्माईश झाली. मी उभा राहिलो आणि कवितेआधी सांगितले की हा रंधा मी साडेचारशे रुपयांच्या लोखंडात विकला आहे. सभागृह गप्प झाले. त्या दिवशी कुणाच्या डोळ्यांत पाणी आले की नाही, मी पाहिले नाही. कार्यक्रम संपल्यावर एक तरुण जवळ आला आणि त्याने तोच नेहमीचा प्रश्न विचारला, तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?

मी म्हणालो, माझे वडील सुतार होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)